पालेंके येथील माया नगर व तेथील कालगणना

माया लोकांच्या अवशेषांविषयीं आपल्याकडे कोणी बोलूं लागला कीं श्रोत्यांतून एक प्रश्न हटकून येतो: पांडवांची सभा बांधणारा मयासुर तो यांच्यापैकींच ना? प्रस्तुत लेखकास हा प्रश्न इतक्या वेळां ऐकावा लागला आहे कीं, त्याचें उत्तर आरंभींच देऊन टाकणें बरें. 'माया' हें यूकातान द्वीपकल्पांतील लोकांचें व त्यांच्या भाषेचें नांव होय. संस्कृत 'मय' शब्दाशीं त्याचें साम्य केवळ कानापुरतें आहे. शिवाय या लोकांनीं आपला इतिहास दगडावर दिवसांच्या आंकड्यांसह स्वतःच कोरून ठेविला असतां, त्यांस परक्या पुराणांतून पूर्वज शोधून देण्याचें प्रयोजन काय?

हा इतिहास वाचावयाचा तर मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास प्रांतांत पालेंके येथें जावें. अवशेषांभोंवतालचें सुमारें १८ चौरस किलोमीटरांचें वर्षारण्य १९८१ मध्यें राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आलें, व १९८७ मध्यें युनेस्कोनें स्थानाची गणना जागतिक वारशांत केली. नगराचा थोडाच भाग मोकळा केलेला आहे. उरलेला अद्यापि झाडींखालीं आहे. पहांटे वानरांची एक जात अशी कांहीं डरकाळी फोडते कीं, नवख्यास वाघच आला असें वाटावें. (मला तसें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.) डोंगरांतून अनेक झरे निघतात. त्यांपैकीं ओतोलुम नांवाचा ओढा भर वस्तींतून जात असल्यामुळें, राजवाड्याच्या पूर्वेस तो दगडी छताच्या बोगद्यांतून नेलेला आहे. 'पालेंके' हें स्पॅनिश नांव मागाहूनचें. लेखांत येणारें प्राचीन नांव 'लाकामहा', म्हणजे 'मोठें पाणी'.

शिलालेखांचें मंदिर हें येथील मुख्य स्थळ. त्याच्या भिंतींतील तीन शिलापटांवर सहाशेंहून अधिक चिन्हें आहेत. १९४९ मध्यें आल्बेर्तो रुस लुइलिए या पुराणवस्तुसंशोधकानें मंदिराच्या जमिनींतील एका फरशीस दगडी गुडद्या बसविलेलीं छिद्रें पाहिलीं, आणि भिंती फरशीच्याही खालीं गेलेल्या आहेत हें त्याच्या ध्यानीं आलें. फरशी उचलतां दगडमातीनें बुजविलेला जिना लागला. तो मोकळा करण्यास चार हंगाम गेले. जून १९५२ मध्यें तळाची त्रिकोणी शिला सरकवितां दफनगृह सांपडलें. आंतील शवपेटीवरील कोरींव झांकण सुमारें ३.८ मीटर लांब व २.२ मीटर रुंद आहे.

आंत कोण होता, हें मात्र लेख वाचतां येईपर्यंत ठरेना. १९७३ मध्यें पालेंके येथेंच भरलेल्या परिषदेंत चित्रकलेच्या शिक्षिका लिंडा शीली, विद्यार्थी पीटर मॅथ्यूज व भाषाशास्त्रज्ञ फ्लॉइड लाउन्सबरी यांनीं येथील राजवंशाचा मोठा भाग लावून दाखविला. त्यांच्या वाचनाप्रमाणें हा राजा पकाल, जन्म इ. स. ६०३, राज्यारोहण ६१५, मृत्यु ६८३.

इतके नेमके सन कसे मिळतात, हें जुन्या ज्योतिषाशीं परिचय असलेल्या वाचकांस सहज कळेल. आपला अहर्गण म्हणजे ठराविक आरंभापासून लोटलेले दिवस. माया लोकांची दीर्घगणना तीच. भेद इतकाच कीं, आपणांस तिथि, अधिमास व क्षय यांचा हिशेब करून अहर्गण काढावा लागतो; ते तो आंकडाच कोरीत. त्यांचीं स्थानें विसांच्या पटीनें चढतात, परंतु दुसरें स्थान अठरांवर भरतें. म्हणून स्थानांचीं मूल्यें १, २०, ३६०, ७,२०० व १,४४,००० दिवस. रिकाम्या स्थानासाठीं त्यांजपाशीं शून्याचें चिन्ह होतें. पकालचें राज्यारोहण या गणनेंत ९.९.२.४.८ येतें. गुणून मिळवितां १३,६१,६०८ दिवस होतात, व तो दिवस ६१५ च्या जुलैअखेरीस पडतो. त्यांचा आरंभ इ. स. पूर्वी ३११४ चा, आपल्या कलियुगाचा ३१०२ चा. या सान्निध्यानें हुरळून जाऊं नये; दोन्ही आरंभ मागाहून गणितानें मागें नेऊन ठरविलेले आहेत, व एकाचा दुसऱ्याशीं संबंध दाखविणारा पुरावा नाहीं.

या वाचनास खुद्द रुस यानेंच विरोध केला. अस्थींच्या पहिल्या परीक्षेप्रमाणें मृत मनुष्य चाळिशी-पन्नाशीचा होता. लेख त्यास ऐशीं वर्षांचा ठरवितात. राजे आपलें वय फुगवून कोरवीत नसतील कशावरून, ही शंका रास्तच होती. आपल्याही ताम्रपटांत अतिशयोक्ति थोडी नाहीं. परंतु पुढें वेरा टीस्लर व आंद्रेआ कुचीना यांनीं संपादिलेल्या २००६ च्या ग्रंथांत अस्थींचें पुनःपरीक्षण प्रसिद्ध झालें, आणि त्यांत तो पुरुष चांगलाच वृद्ध होता असें आढळून आलें. माझ्या मतें आतां लेखाची बाजू जड आहे.

दफनगृहांत सामान्य प्रवाशांस उतरूं देत नाहींत. शवपेटीची प्रतिकृति खालच्या संग्रहालयांत आहे. तिकडे उतरणारी वाट ओतोलुमच्या कांठानें जाते. तोच ओढा येथें चुन्याच्या थरांवरून पायऱ्यापायऱ्यांनीं कोसळतो. या धबधब्यास 'राणीचें स्नानगृह' म्हणतात, आणि त्याच्या आसपास घरांचीं जोतीं दिसतात. वाट शेवाळलेली असते. साठी उलटलेल्यांनीं काठी जवळ ठेवावी.