शासनाचा खर्च का वाढतो?

अर्थसंकल्प सादर झाला की खर्चाचा आकडा बहुधा मागील वर्षापेक्षा मोठा दिसतो आणि शासन उधळपट्टी करीत आहे, असा ग्रह सहज होतो. काही खर्च टाळण्याजोगा असतो, हे खरेच. परंतु निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या विचारांची सरकारे असतानाही हा खर्च वाढत आलेला आहे. तेव्हा त्याची कारणे अधिक खोल असली पाहिजेत.

प्रथम आकड्यातील फुगवटा बाजूला काढला पाहिजे. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ मध्ये सुमारे ३ कोटी ९५ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ११ कोटी २४ लाख झाली. याच काळात रुपयाची क्रयशक्तीही घटली. म्हणून तुलना करावयाची ती किंमतवाढ वजा जाता उरणाऱ्या दरडोई खर्चाची. तरीही वाढ शिल्लक राहते.

या वाढीचे पहिले कारण जर्मन अर्थशास्त्रज्ञ अडॉल्फ वॅग्नर यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितले. समाज संपन्न व औद्योगिक होतो तसा राष्ट्रीय उत्पन्नातील शासकीय खर्चाचा वाटाही वाढतो. लहान गावाचे एका विहिरीवर भागते. शहराला धरण, जलशुद्धीकरण आणि भुयारी गटारे लागतात. शिक्षण व आरोग्य यांविषयीच्या अपेक्षाही उंचावतात.

दुसरे कारण आपत्तीचे. ब्रिटनच्या सार्वजनिक खर्चाचा अभ्यास करून पीकॉक व वाइजमन यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की, युद्धकाळात चढलेला खर्च पुढे पूर्वपातळीवर येत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथील प्राप्तिकराचा मूळ दर पौंडास १ शिलिंग २ पेन्स होता. युद्धात तो ६ शिलिंगांवर गेला आणि १९२५ मध्ये उतरूनही ४ शिलिंगांवर राहिला. लोकांना नव्या कराची आणि नव्या सेवांचीही सवय झाली होती. आपल्याकडे १९७२-७३ च्या दुष्काळात याचेच दुसरे रूप दिसले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. दुष्काळ सरला, पण काम मागण्याचा हक्क मागे राहिला. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. हा खर्च वाया गेला असे कोण म्हणेल?

तिसरे कारण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६७ मध्ये मांडले. कारखान्यात यंत्रामुळे दर कामगारामागे उत्पादन वाढते व त्यातून वेतनवाढ भागते. शिक्षकाने मात्र दुप्पट मुले एका वर्गात बसविली, तर शिक्षणाचा दर्जाच घसरतो. परंतु शिक्षकाचे वेतन इतरांच्या बरोबरीने वाढवावेच लागते. शासनाच्या बहुतेक सेवा अशा माणसांच्या हातून घडणाऱ्या असल्याने त्या दरवर्षी महाग होत जातात.

चौथे कारण ग्रामपंचायतीच्या पातळीवरही अनुभवास येते. नळपाणी योजनेचे उद्घाटन एकदाच होते. वीजबिल, पंपचालकाचे मानधन आणि दुरुस्ती मात्र कायमची. प्रत्येक नवी वास्तू पुढील अर्थसंकल्पांवर बोजा ठेवून जाते. वेतन, निवृत्तिवेतन व कर्जावरील व्याज हे बांधील खर्च प्रथम द्यावे लागतात. पैसा अपुरा पडला की कात्री लागते ती देखभालीला. मग पंप बंद पडतो आणि लोक पुन्हा विहिरीकडे वळतात. भांडवली खर्च झालेला असतो, सेवा मात्र मिळत नाही.

म्हणून खर्च वाढला एवढ्यावरून शासनास दोष देणे जसे योग्य नाही, तसेच प्रत्येक वाढ अपरिहार्य मानणेही योग्य नाही. नव्या कामाचा ठराव करताना त्याचा वार्षिक आवर्ती खर्च किती, तो कोणत्या उत्पन्नातून भागणार आणि त्यासाठी कोणते जुने काम थांबविता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरावातच नमूद असावीत. वाढत्या खर्चाला शिस्त लावण्याचे काम असे ग्रामसभेपासूनच सुरू होऊ शकते.