एकाच औषधाची अनेक नावे

समजा, कळस गावच्या एखाद्या बाईंना लघवीला जळजळ होऊ लागली. बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना 'निफ्ट्रान' लिहून दिले. पुढे लेकीकडे इंदापूरला गेल्या असता, तेथे दुसऱ्या डॉक्टरांनी 'मार्टिफर' लिहिले. दोन नावे, म्हणजे दोन औषधे, अशा समजुतीने बाई दोन्ही घेऊ लागल्या! वस्तुतः दोन्ही पाकिटांत औषध एकच : नायट्रोफ्युरँटॉइन. मात्रा तेवढी दुप्पट झाली.

प्रत्येक औषधाला एक मूळ नाव असते. व्यापारी नावे कारखान्यागणिक निराळी. हे औषध १९५३ साली अमेरिकेत 'फ्युराडँटिन' या नावाने विक्रीस आले. पुढे मोठ्या स्फटिकांचे 'मॅक्रोडँटिन' निघाले. ते सावकाश शोषले जात असल्याने मळमळ कमी होते. दिवसातून दोनदाच घ्यावयाचे 'मॅक्रोबिड' त्याहून नंतरचे. तेव्हा मूळ नाव एक असले, तरी घेण्याच्या वेळा प्रकारानुसार बदलतात, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या पिंपरीच्या कारखान्यात, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, पेनिसिलिन बुरशीपासून काढीत. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र रसायनशाळेत घडविलेले. व्यवहारात त्यालाही आपण अँटिबायोटिकच म्हणतो.

याचे वैशिष्ट्य असे, की रक्तात ते फारसे साठत नाही. मूत्रपिंडातून झपाट्याने लघवीत उतरते. म्हणून मूत्राशयातील जंतूंवर ते उत्तम चालते. परंतु थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, तर रोग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असण्याचा संभव असतो. तेथे हे औषध पुरे पडत नाही. अशा वेळी तातडीने डॉक्टरांना गाठावे.

औषध जेवणाबरोबर घ्यावे. लघवी गडद पिवळी वा तपकिरी झाली, तर घाबरू नये. मूत्रपिंडे दुबळी असल्यास, किंवा बाळंतपण जवळ आले असल्यास, डॉक्टरांना ते आधी सांगावे. खोकला, धाप किंवा हातापायांना मुंग्या येऊ लागल्यास औषध थांबवून लगेच दाखवावे. बरे वाटले म्हणून मधेच सोडू नये, आणि उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नयेत.

पाकिटावरचे एक नाव कारखान्याचे असते. औषधाचे मूळ नाव बहुधा त्याच्या जवळच छापलेले असते. तेच वाचण्याची सवय आपण लावून घेऊ, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिले पाकीट बरोबर नेऊ. एवढ्याने पुष्कळ घोटाळे टळतील.