एनएचएसची ग्रॅज्युएट स्कीम: हेल्थ इन्फर्मेटिक्सचा अर्ज भरण्याआधी

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ट्यूबमध्ये शिरलं की ज्यांचं नेट जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे बघा" मी बऱ्यापैकी गाळलेत. सगळे नाही.

या भागाचं कारण म्हणजे एकच प्रश्न, जो वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालंय, इथे यूकेत मास्टर्स चालू आहे. एनएचएसची टेक्नॉलॉजीवाली ग्रॅज्युएट स्कीम असते म्हणे. अप्लाय कसं करायचं?" मी इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटल ट्रस्टच्या डिजिटल विभागात आहे आणि आमच्या विभागातल्या नोकऱ्यांचे अर्ज वाचायला बसते. त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं काय दिसतं ते सांगता येईल.

आधी नाव नीट समजून घेऊ. एनएचएस ग्रॅज्युएट मॅनेजमेंट ट्रेनिंग स्कीम. तिच्यात वेगवेगळ्या शाखा असतात, त्यातली तंत्रज्ञानाची शाखा म्हणजे हेल्थ इन्फर्मेटिक्स. हा कोर्स नाही, पगारी नोकरी आहे. दोन वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी काम करायचं आणि सोबत शिकायचं. पदवी कुठल्याही विषयातली चालते, किमान टू-टू म्हणजे इथला लोअर सेकंड क्लास लागतो. भारतातल्या पदवीची इथल्या पदवीशी तुलना करून देणारी अधिकृत सेवा म्हणजे यूके एनिक. आणि ही स्कीम इंग्लंडची आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या आरोग्यसेवा वेगळ्या चालतात. ग्लासगोत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, इकडे यायची तयारी लागेल.

नावात "मॅनेजमेंट" आहे, ते उगाच नाही. ज्यांना दिवसभर कोड लिहायचाय त्यांना ही स्कीम आवडणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. अशांनी सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्राम बघावा. तो तीन वर्षांचा, त्यात क्लिनिकल बायोइन्फर्मेटिक्ससारखे विषय, सोबत मास्टर्स, आणि शेवटी क्लिनिकल सायंटिस्ट म्हणून नोंदणीचा रस्ता. तिथे एका वर्षी एकाच विषयासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे विषय विचार करून निवडायचा.

मग इन्फर्मेटिक्सवाला करतो काय? तीन गोष्टी सांगते. तिन्ही खऱ्या आहेत, आणि मुलाखतीला जाण्याआधी त्या माहीत असायलाच हव्यात.

पहिली, ऑक्टोबर २०२०. इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्ण काही दिवस अधिकृत आकड्यांतून गायब होते. लॅबकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ओतली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे काही बसतच नाही. एका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या, त्यामुळे जागा भराभर संपली आणि उरलेली नावं गळून पडली. रुग्णांना आपला रिपोर्ट कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांना फोन जायला हवे होते, ते वेळेत गेले नाहीत. यात अवघड कोडिंग कुठेच नाही. "ही फाइल भरली तर काय होईल?" हा प्रश्न विचारणारं माणूस हवं होतं.

दुसरी, १२ मे २०१७. वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला आणि इंग्लंडमधल्या २३६ ट्रस्टपैकी सुमारे ८० ट्रस्टना त्याची झळ बसली. हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा पॅच मार्चमध्येच दिला होता, तो अनेक ठिकाणी टाकलाच गेला नव्हता. आता तुम्ही म्हणाल, टाकायचा ना मग! पण स्कॅनरला जोडलेला कॉम्प्युटर अपडेटसाठी बंद ठेवायचा म्हणजे त्या वेळेतले रुग्ण कुठे पाठवायचे? या वाटाघाटी करणं हेच ते काम.

तिसरी जुनी आहे. २००२ मध्ये सरकारनं इंग्लंडभर रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी नॅशनल प्रोग्राम फॉर आयटी नावाचा अवाढव्य प्रकल्प सुरू केला आणि २०११ मध्ये तो मोडीत काढायचं जाहीर केलं. अब्जावधी पौंड गेले. त्याच्या कारणांवर अहवालांचा ढीग आहे. पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण साधं होतं. सिस्टिम वरून लादली गेली, आणि ती वापरणाऱ्या डॉक्टर-नर्सना फार उशिरा विचारलं गेलं. २०१८ मधल्या एका पाहणीत एनएचएसमध्ये आठ हजारांहून जास्त फॅक्स मशीन चालू असल्याचं निघालं. लोक हसले. पण फॅक्स चालतो, पासवर्ड मागत नाही आणि कुणालाही वापरता येतो. ते का टिकून होतं हे ज्याला कळलं, त्याला अर्धं इन्फर्मेटिक्स कळलं.

आता अर्जाचे टप्पे. ऑनलाइन फॉर्म, ऑनलाइन चाचण्या, मग व्हिडिओ मुलाखत किंवा तत्सम काही, आणि शेवटी असेसमेंट सेंटर. बारीकसारीक तपशील दरवर्षी थोडे बदलतात. त्यातच मार्च २०२५ मध्ये सरकारनं एनएचएस इंग्लंड ही मधली संस्थाच बंद करायचं जाहीर केलंय. त्यामुळे मागच्या वर्षीच्या युट्यूब व्हिडिओवर विसंबू नका, चालू वर्षाचं पान उघडा.

आपल्या मुलांना सगळ्यात अनोळखी वाटते ती परिस्थितीजन्य निर्णयाची चाचणी. एक प्रसंग देतात आणि विचारतात, काय कराल? मी बनवलेलं एक उदाहरण घ्या. तुम्ही ट्रेनी आहात. वॉर्डमध्ये एक नर्स दुसऱ्या नर्सचं स्मार्टकार्ड वापरून नोंदी करतेय असं तुम्हाला दिसतं. पर्याय चार: गप्प बसणं, थेट तक्रार नोंदवणं, सगळ्या वॉर्डला नियमांची आठवण देणारा ईमेल पाठवणं, किंवा तिच्याशी बोलून कारण समजून घेणं आणि तुमच्या मॅनेजरच्या कानावर घालणं.

आपल्याकडचा हुशार, नियम पाळणारा मुलगा पटकन तक्रारीवर टिक करतो. नियम मोडलाय हे खरंच आहे. कार्ड दुसऱ्याचं असेल तर औषधाची नोंद कुणी केली हे नंतर कळणार नाही आणि त्याचा त्रास रुग्णाला होईल. पण बोलल्यावर कदाचित असं निघतं की लॉगिन व्हायला सहा मिनिटं लागतात आणि एका शिफ्टमध्ये ते वीसदा करावं लागतं. म्हणजे दोन तास गेले! मग एका नर्सवर तक्रार करून उद्या दुसरी तेच करणार. चौथ्या पर्यायात धोका थांबतो, वरिष्ठांना कळतं आणि मूळ कारणही हाती लागतं. ईमेल हा सगळ्यात वाईट, कारण त्यानं फक्त पाठवणाऱ्याचं समाधान होतं. असा विचार करायची सवय लावायची असेल तर एनएचएस कॉन्स्टिट्यूशनमधली सहा मूल्यं वाचा. ती पाठ करून फॉर्ममध्ये ओतू नका, आम्हाला ती रोज दिसतात.

फॉर्ममधल्या अनुभवाच्या प्रश्नांवर थोडं थांबते, कारण चांगले अर्ज इथेच पडतात. मराठी मुलांच्या अर्जात एक शब्द फार येतो: "आम्ही". आम्ही प्रोजेक्ट केला, आम्ही शिबिर घेतलं. आपल्या घरात "मी, मी" करणं वाईट दिसतं, ते मान्य. पण वाचणाऱ्याला गुण द्यायचे असतात तुम्हाला, तुमच्या मंडळाला नाही.

समजा तुम्ही लिहिलंत: "आमच्या गणेश मंडळातर्फे आम्ही दरवर्षी रक्तदान शिबिर आयोजित करतो व त्यास उत्तम प्रतिसाद मिळतो." छान आहे, पण याला गुण कशाचे देऊ? आता हे बघा: "आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात नावं वहीत लिहायचे, त्यामुळे सकाळी दारात रांग लागायची आणि काही दाते कंटाळून परत जायचे. मी आदल्या आठवड्यात फोनवर नोंदणी घेतली आणि प्रत्येकाला वेळ दिली. ज्येष्ठांना फॉर्म भरता येईना, म्हणून वहीही चालू ठेवली आणि संध्याकाळी दोन्ही याद्या जुळवल्या. एक नाव दोनदा आलं होतं, ते तेव्हा सापडलं." ही गोष्ट खरी असेल तर ती तुमच्या मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टपेक्षा भारी आहे. त्यात अडचण आहे, तुमचा निर्णय आहे, स्मार्टफोन नसलेल्यांचा विचार आहे आणि माहितीची तपासणीही आहे. एनएसएसचं गावातलं सर्वेक्षण, इथल्या केअर होममधल्या शिफ्ट, सुपरमार्केटच्या गोदामातला स्टॉक, सगळं चालतं.

चॅटजीपीटीबद्दल विचारता म्हणून एवढंच सांगते. त्यानं लिहिलेले अर्ज वाईट नसतात, सारखे असतात. दहा अर्ज वाचल्यावर अकराव्यातली वही आणि रांग लक्षात राहते.

असेसमेंट सेंटरबद्दल थोडक्यात. गटचर्चेत जास्त बोलणारा जिंकत नाही. घड्याळाकडे लक्ष ठेवणारा आणि गप्प बसलेल्याला "तुला काय वाटतं?" विचारणारा दिसतो.

आता तो विषय, ज्यासाठी रात्री एक वाजता मेसेज येतात. व्हिसा. घरी एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू व्हायचा असतो, त्यामुळे हे गणित कागदावर मांडून बघा. सप्टेंबरमध्ये प्रबंध दिला, निकाल लागून जानेवारीत ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला. तो दोन वर्षांचा. स्कीम साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होते. म्हणजे रुजू व्हायच्या दिवशी व्हिसाचे सोळा महिने उरले आणि स्कीम चोवीस महिन्यांची. आठ महिने कमी पडतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना ग्रॅज्युएट व्हिसा अठराच महिन्यांचा मिळणार आहे, म्हणजे तूट आणखी वाढते. म्हणून पहिला शब्द लिहिण्याआधी त्या वर्षीच्या पात्रतेच्या पानावर काम करण्याच्या हक्काबद्दलची आणि स्पॉन्सरशिपबद्दलची ओळ शोधा. ती ओळ तुमच्या विरोधात असेल तर फॉर्मवर महिना घालवू नका.

मग काय करायचं? एनएचएस जॉब्ज या संकेतस्थळावर ट्रस्टच्या थेट नोकऱ्या निघतात: इन्फर्मेशन अॅनालिस्ट, आयटी सर्व्हिस डेस्क, नवी रेकॉर्ड सिस्टिम शिकवणारे ट्रेनर. बँड ४ किंवा ५ पासून सुरुवात होते. ग्रॅज्युएट व्हिसावर या नोकऱ्या स्पॉन्सरशिपशिवाय करता येतात. स्कीमचा मान नाही, पण वॉर्डमध्ये उभं राहून सिस्टिम कशी कोसळते ते बघायला मिळतं. माझ्या विभागात स्कीममधून आलेले आणि सर्व्हिस डेस्कवरून आलेले शेजारी बसतात, आणि वर्षभरात कोण कुठून आलं हे कुणी विचारत नाही. भारतात परत गेलात तरी हे वाया जात नाही. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली चौदा अंकी आभा क्रमांक देशभर दिला जातोय. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर काय, हा प्रश्न इथल्या दहा अंकी एनएचएस नंबरलाही आहे आणि आभालाही.

आणि एक. "एनएचएसची स्पॉन्सरशिप मिळवून देतो, इतके पौंड द्या" असं म्हणणारे एजंट व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतायत, त्यातले काही मराठीत बोलतात. एनएचएसमध्ये नोकरी किंवा स्कीमच्या अर्जाला एक पेनीही लागत नाही, आणि स्पॉन्सरशिप विकणं बेकायदा आहे. मित्राचा मित्र असला तरी पैसे देऊ नका, आधीच दिले असतील तर मेसेज आणि पावत्या डिलीट करू नका.

पुढच्या भागात बँड ५ ची एक खरी जाहिरात ओळीओळीनं वाचू, कुठल्या अटी अत्यावश्यक आणि कुठल्या असल्या तर बरं. तुम्ही पाहिलेली एखादी अवघड जाहिरात असेल तर पाठवा, त्यातलीच एक घेऊ.