‘मानवी’ या विशेषणाची मर्यादा : पुनःसंयोजित अपोलिपोप्रोटीन-ई

प्रयोगशाळेत येणाऱ्या काही लहान कुप्यांवर ‘पुनःसंयोजित मानवी अपोलिपोप्रोटीन-ई’ अशी अक्षरे असतात. आतील प्रथिन मानवाच्या रक्तातून काढलेले नसते. पुष्कळदा ते ई. कोलाय या जीवाणूच्या पेशीत घडविलेले असते. मग त्यास ‘मानवी’ कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? प्रश्न वरकरणी शब्दाचा आहे. परंतु प्रयोगाच्या निष्कर्षाची ग्राह्यता त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ग्रीक ‘अपो’ म्हणजे ‘पासून दूर’. संस्कृत ‘अप’ हा उपसर्ग त्याचाच सगोत्र होय. ‘लिपोस’ म्हणजे मेद; या शब्दाचे नाते संस्कृत ‘लिप्’ धातूशी, आणि म्हणून आपल्या ‘लेप’ व ‘लिंपणे’ या शब्दांशीही पोचते. मेद पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तात तो प्रथिनांशी संलग्न होऊन सूक्ष्म कणांच्या रूपाने वाहतो. अशा कणातील मेद वगळला असता जे प्रथिन उरते, ते अपोलिपोप्रोटीन. त्यांपैकी ‘ई’ हे मुख्यत्वे यकृतात तयार होते. मेंदूत ते प्रामुख्याने ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी निर्माण करतात.

हे प्रथिन 299 ॲमिनो आम्लांची एक साखळी आहे. त्याची ई-2, ई-3 व ई-4 अशी तीन प्रमुख रूपे मानवात आढळतात. ई-3 मध्ये 112 व्या स्थानी सिस्टीन आणि 158 व्या स्थानी आर्जिनीन असते. ई-2 मध्ये दोन्ही स्थानी सिस्टीन, तर ई-4 मध्ये दोन्ही स्थानी आर्जिनीन असते. ‘पान’ आणि ‘मान’ या शब्दांत एका वर्णाने अर्थभेद होतो. येथेही एका घटकाच्या पालटाने गुणधर्म पालटतात. ई-2 हे एलडीएल-ग्राहीस फार दुर्बलपणे चिकटते. ई-4 चा अल्झायमर रोगाशी असलेला संबंध 1993 मध्ये पुढे आला. मात्र ई-4 हा धोका वाढविणारा घटक होय; तो असलेल्या प्रत्येकास रोग होतोच असे नाही.

एखाद्या व्यक्तीस आईकडून ई-3 चे आणि वडिलांकडून ई-4 चे जनुक मिळाले असेल, तर तिच्या रक्तात दोन्ही रूपे मिसळलेली असतात. एकेक रूप पृथक् अभ्यासावयाचे तर पुनःसंयोजनाचा मार्ग सोयीचा ठरतो. 1973 मध्ये सिद्ध झालेल्या या तंत्रात इष्ट प्रथिनाची माहिती देणारा डीएनए प्लाझ्मिडमध्ये जोडून जीवाणूत घालतात. जीवाणू ती माहिती वाचून प्रथिन घडवितो. पुढे पेशी फोडून प्रथिन शुद्ध करतात. अपोलिपोप्रोटीन-ई हे हेपॅरिनला चिकटते, या गुणाचा त्या कामी उपयोग होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. येथे ‘मानवी’ हे विशेषण केवळ ॲमिनो आम्लांच्या क्रमास लागू पडते. उगमास नव्हे, आणि पूर्ण स्वरूपासही नव्हे. मानवी पेशी या प्रथिनावर शर्करेचे घटक जोडते, सामान्य ई. कोलाय ते जोडीत नाही. शुद्धीकरणाच्या सोयीसाठी साखळीच्या टोकास काही जादा ॲमिनो आम्ले ठेवलेली असणेही संभवते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, कुपीतील प्रथिन सहसा मेदरहित असते. द्रावणात त्याचे रेणू चार-चारांच्या समूहाने एकत्र येतात, आणि मेदाशी संयोग झाल्यावाचून ते एलडीएल-ग्राहीस नीट चिकटत नाही. म्हणूनच ग्राहीविषयक प्रयोगापूर्वी त्यास फॉस्फोलिपिडाशी संयुक्त करावे लागते. ही पायरी गाळून ‘हे प्रथिन ग्राहीस चिकटत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शब्द वाक्याबाहेर काढून त्यास अर्थ नाही असे म्हणण्यासारखे आहे.

तात्पर्य, कुपीवरील विशेषण खोटे नाही. ते मर्यादित आहे. संशोधकाने आपल्या निबंधात प्रथिनाचे रूप, ते कोणत्या पेशीत घडविले, टोकास काही जोडले आहे काय, आणि ते मेदयुक्त होते की मेदरहित, या चार गोष्टी स्पष्ट नोंदवाव्यात. तसे केल्यास ‘मानवी’ हा शब्द वाचकास त्याच्या नेमक्या अर्थाने कळेल, आणि जीवाणूत घडविलेल्या प्रथिनावरून मानवी मेंदूविषयी किती अनुमान करावयाचे, हेही त्यास ठरविता येईल.