फायलीत नांदणारा संगणक

लिनक्सच्या लॅपटॉपवर कोणी विंडोज चालवून दाखवतो, तेव्हा त्या विंडोजची डिस्क असते कुठे? एका फायलीत. आतल्या आभासी यंत्राला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, वाटते आपण खऱ्या डिस्कवर लिहितो आहोत. प्रत्यक्षात ते यजमान संगणकावरच्या 50-60 जीबीच्या फायलीत कुठेतरी मधलाच 4 केबीचा तुकडा बदलत असते. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या 1972 सालच्या व्हीएम/370 मध्ये अशा यंत्रांना खऱ्या डिस्कचा एकेक काप मिळे, त्याला ‘मिनिडिस्क’ म्हणत.

फोटो एकदा साठवला की पुढे फक्त पाहिला जातो. आभासी डिस्कची फाइल मात्र दिवसभर, वाटेल तिथे बदलत राहते. त्यामुळे ती कोणत्या फाइल सिस्टिमवर ठेवायची, याला महत्त्व येते. (जुन्या पेनड्राइव्हवरच्या फॅट32 चा विचारच नको, तिथे 4 जीबीची फाइलसुद्धा मावत नाही.)

ईएक्सटी4 आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिम जुना मजकूर पुसून त्याच जागी नवा लिहितात. बीटीआरएफएस आणि झेडएफएसची रीत सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखी: जुनी नोंद तशीच ठेवायची, नवी दुसरीकडे करायची आणि मग बोट नव्या नोंदीकडे वळवायचे. या ‘कॉपी ऑन राइट’ पद्धतीत मध्येच वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, जवळजवळ फुकटात मिळतो. शिवाय या दोघी प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतात, त्यामुळे गुपचूप बिघडलेला डेटा पकडला जातो.

आभासी डिस्कच्या बाबतीत मात्र हाच गुण अंगाशी येतो. प्रत्येक बदल नव्या जागी गेल्याने सलग असलेल्या फायलीचे हजारो तुकडे होतात. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात. दर तुकड्याला सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहायची, वर सुईची ये-जा वेगळी. एसएसडीला ही धावपळ नसते, पण तुकड्यांचा हिशेब तिथेही फुगतोच. झेडएफएसमध्ये फायलीचा रेकॉर्ड मुळात 128 केबीपर्यंतचा. आत 4 केबी बदलले तरी अख्खा रेकॉर्ड नव्याने लिहायचा, म्हणजे कॉम्प्रेशन सोडले तर 32 पट काम. म्हणून तिथे रेकॉर्ड लहान करतात किंवा फायलीऐवजी ‘झेडव्हॉल’, म्हणजे डिस्कसारखाच दिसणारा साठा, वापरतात.

त्यात क्यूकाउ2 या आभासी डिस्कच्या फायलींच्या लोकप्रिय साच्याच्या नावातच कॉपी ऑन राइट आहे. स्नॅपशॉट घेतला की हा साचाही नवे लिखाण दुसरीकडे नेतो. आभासी यंत्रात फेडोरा वर्कस्टेशन ही लिनक्स असेल, तर 2020 पासून तिची मूळ निवड बीटीआरएफएस. म्हणजे फेरफारावर फेरफार, त्यावर फेरफार!

बीटीआरएफएसवर उपाय आहे: फोल्डर रिकामे असतानाच त्याला ‘चॅटर +सी’ ही आज्ञा लावायची, म्हणजे त्यातल्या नव्या फायली जागच्या जागी लिहिल्या जातात. पण मग चेकसम आणि कॉम्प्रेशन दोन्ही जातात. इतके सोडायचे, तर बीटीआरएफएस घेतलेच कशाला?

माझे मत सांगतो. एका साध्या यंत्रावर एक्सएफएस घ्यावी. सिलिकॉन ग्राफिक्सने 1990 च्या दशकात ती मोठ्या फायली डोळ्यांसमोर ठेवूनच घडवली. तिच्यात ‘रिफ्लिंक’ आहे: 50 जीबीच्या डिस्कची नक्कल क्षणात होते, कारण कोणी काही बदलेपर्यंत दोन्ही फायली एकाच जागेवर राहतात. म्हणजे फेरफार फक्त हवा तेव्हा. तिचे विभाजन सहसा लहान करता येत नाही, एवढी खोट. ईएक्सटी4 चे करता येते, पण तिथे रिफ्लिंक नाही. अनेक डिस्क, भरपूर रॅम आणि डेटाची खरी काळजी असेल, तर झेडएफएसचा त्रास सोसावा.

कोणतीही निवडा, एक जुना घोळ उरतोच. आतल्या विंडोजने 20 जीबी पुसले तरी बाहेर जागा मोकळी होत नाही. यजमानाच्या लेखी ते तुकडे भरलेलेच. ‘डिस्कार्ड’ चालू असेल तर पुसल्याची वर्दी बाहेर पोचते आणि फायलीला तिथे भोक पडते.