रक्तांतील न दिसणारा वारसा

बारशाच्या दिवशीं पाळण्याभोंवतीं वडीलधाऱ्यांची एक न्यायसभाच भरते. नाक आजोबांचें, कपाळ आत्याचें, वर्ण मामाचा आणि हट्ट मात्र थेट पणजीचा, असे निवाडे दिले जातात. एखादा गुण कोणाशींच जुळला नाहीं तर 'हें कोणावर गेलें कोण जाणे!' असें म्हणून सर्वजण हंसतात. परंतु हाच प्रश्न कधीं कधीं हंसण्यावारी नेण्याजोगा राहत नाहीं. मुलाच्या रक्तगटाचा कागद आईबापांच्या कागदांशीं जुळत नाहीं असें दिसलें म्हणजे घरांत कुजबूज सुरू होते, आणि तिचा रोख बहुधा सुनेकडे असतो. अशा प्रसंगीं शास्त्र काय सांगतें हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास ठाऊक असावें, म्हणून हा लेखनप्रपंच. या विषयांतील अत्यंत बोधप्रद उदाहरण परदेशांतलें नसून आपल्या मुंबईंतलें आहे, आणि सर्व जगांत तें मुंबईच्याच नांवानें ओळखलें जातें. तें नीट समजावें म्हणून आधीं आनुवंशिकतेचीं मूलतत्त्वें पाहूं.

अपत्याच्या ठिकाणीं आईचा वांटा किती व बापाचा किती, हा प्रश्न फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज आणि क्षेत्र यांचा ऊहापोह आला असून तेथें बीजास प्राधान्य दिलें आहे. अर्वाचीन शास्त्रानें या वादाचा निकाल वाटाण्याच्या वाफ्यांत लावला. सध्यांच्या चेक देशांतील ब्रनो शहरीं ग्रेगर मेंडेल नांवाच्या ख्रिस्ती संन्याशानें मठाच्या बागेंत कित्येक वर्षें वाटाण्याच्या जातींचे संकर केले व 1865 सालीं आपले निष्कर्ष विद्वानांपुढें वाचून दाखविले. पिंवळ्या दाण्याच्या व हिरव्या दाण्याच्या रोपांचा संकर केला तेव्हां पहिल्या पिढीचे सर्व दाणे पिंवळे निघाले. हिरवा रंग लोपला असें वाटलें. परंतु या पिंवळ्यांपासून पुढची पिढी घेतली तेव्हां 6,022 दाणे पिंवळे व 2,001 दाणे हिरवे मिळाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. हिरवा रंग लोपला नव्हता. तो दडून बसला होता.

यावरून मेंडेलनें असें अनुमान काढलें कीं, प्रत्येक गुणासाठीं जीवाच्या ठिकाणीं दोन अंश असतात; एक आईकडून आलेला व एक बापाकडून आलेला. दोन अंश भिन्न असले तर एक प्रभावी होऊन दिसूं लागतो व दुसरा अप्रभावी राहतो. पण अप्रभावी अंश नाश पावत नाहीं. तो पुढच्या पिढीच्या हातीं जसाच्या तसा जाऊं शकतो. दोन्ही अंश हिरवे असतील तरच दाणा हिरवा. बीज मोठें कीं क्षेत्र, या प्रश्नास येथें उत्तर मिळालें कीं दोहोंचा वांटा सारखाच. मेंडेलच्या हयातींत या शोधाची कोणी फारशी दखल घेतली नाहीं. 1900 सालीं तो पुन्हा उजेडांत आला. या अंशांस आज आपण जनुक म्हणतों.

हे जनुक असतात कोठें? मनुष्याच्या पेशीच्या केंद्रकांत 46 गुणसूत्रें असतात, 23 आईचीं व 23 बापाचीं. प्रत्येक गुणसूत्रांत डी. एन्. ए. नांवाच्या द्रव्याचा एक अतिशय लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. हा धागा पीळ दिलेल्या शिडीसारखा आहे असें 1953 सालीं वॉटसन व क्रिक यांनीं दाखविलें. त्यांस रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीच्या क्षकिरण-चित्रांचा मोठा आधार होता. शिडीच्या पायऱ्या चार द्रव्यांच्या बनलेल्या असतात. ॲडेनिनसमोर थायमिन व ग्वानिनसमोर सायटोसिन अशी त्यांची जोडी ठरलेली असल्यामुळें शिडी मधोमध उभी चिरली तरी प्रत्येक अर्धावरून दुसरा अर्ध बिनचूक रचतां येतो. वारशाची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या होते ती अशी.

हीं चार द्रव्यें म्हणजे चार अक्षरेंच समजावीं. एका संचांत अशीं सुमारें 300 कोटी अक्षरें असतात आणि त्यांत प्रथिनें घडविण्याच्या सुमारें 20,000 आज्ञा लिहिलेल्या असतात. संस्कृत शिकणारास ठाऊक आहे कीं 'सकल' म्हणजे सर्व आणि 'शकल' म्हणजे तुकडा. एक वर्ण बदलला कीं पूर्णाचें खंड होतें. डी. एन्. ए. च्या लिपींतहि एका अक्षरानें असाच अनर्थ होऊं शकतो, हें पुढें दिसेलच.

आतां रक्ताकडे वळूं. 1901 सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर यांनीं माणसामाणसांच्या रक्तांतील भेद उघड केले आणि त्यांतून ए, बी, एबी व ओ हे चार गट ठरले. या शोधाबद्दल त्यांस 1930 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हे गट समजण्यास घरांतील भिंतीची उपमा पुरेल. आपल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या कणांच्या बारीक साखळ्या असतात. त्या भिंतींतील खुंट्या मानूं. या खुंटीस 'एच्' असें नांव आहे. ज्याच्याकडे ए जनुक आहे त्याच्या खुंटीवर एका जातीची साखर अडकविली जाते. ती पगडी समजा. बी जनुक दुसऱ्या जातीची साखर अडकवितो. तें उपरणें समजा. दोन्ही जनुक असतील तर कांहीं खुंट्यांवर पगड्या व कांहींवर उपरणीं, हा एबी गट. ओ जनुकापाशीं अडकविण्यास कांहींच नसतें, म्हणून ओ गटाच्या खुंट्या मोकळ्या. ए व बी प्रभावी, ओ अप्रभावी. यावरून शाळेंत नियम शिकवितात कीं, आईबाप दोघेंहि ओ असतील तर मूल ए किंवा बी असणार नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, ए किंवा बी यांपैकीं जी वस्तु आपल्या पेशींवर नाहीं तिच्याविरुद्ध लढणारीं प्रतिद्रव्यें आपल्या रक्तरसांत आधींच तयार असतात. परक्या गटाचें रक्त घातक ठरतें तें यामुळें.

1952 सालीं वाय्. एम्. भेंडे, सी. के. देशपांडे व एच्. एम्. भाटिया या मुंबईच्या संशोधकांनीं, लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह, 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यांस मुंबईंत असें रक्त आढळलें होतें कीं, नेहमींच्या तपासणींत तें ओ दिसे. पण त्या रक्ताचा रस ओ गटाच्या पेशींशींहि वैर करी. ए नको, बी नको, एबी नको आणि ओहि नको! उलगडा असा झाला कीं, या माणसांच्या भिंतीस खुंटीच नव्हती. एच् हीच वस्तु त्यांच्या पेशींवर नसल्यामुळें तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें त्यांच्या रक्तांत होतीं, आणि खुंटी तर इतर सर्वांच्या पेशींवर असते. या गटास पुढें 'बॉम्बे रक्तगट' असें नांव पडलें.

खुंटी ठोकण्याचें काम एका विकराचें, म्हणजे एन्झाइमाचें असून त्याची आज्ञा एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. ए, बी, ओ यांच्या आज्ञा मात्र नवव्या गुणसूत्रावर आहेत. म्हणजे पगडी एका पेटींत व खुंटी दुसऱ्या पेटींत. भारतांतील अशा पुष्कळ व्यक्तींच्या डी. एन्. ए. चें वाचन झालें तेव्हां खुंटीच्या जनुकांतील 725 व्या स्थानीं थायमिनच्या जागीं ग्वानिन आढळलें. एक अक्षर बदललें आणि विकर निकामी झाला. ही मोडकी प्रत अप्रभावी आहे. आईबाप दोघांकडूनहि मोडकीच प्रत आली तरच मूल बॉम्बे गटाचें होतें. एरवीं या माणसांच्या प्रकृतींत वैगुण्य नसतें.

आतां त्या कुजबुजीकडे येऊं. बॉम्बे गटाच्या स्त्रीकडे बी जनुक असूं शकतो. उपरणें घरांत आहे, फक्त तें अडकविण्यास खुंटी नाहीं. कागदावर ती ओ. तिचा पति ए. त्यांस मूल झालें आणि पित्याकडून त्यास धड खुंटी मिळाली, तर आईचें उपरणें लगेच दिसूं लागतें व मूल एबी निघतें. शाळेंतील नियमानें हें अशक्य. प्रत्यक्षांत अगदीं सरळ. जनुकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याच तऱ्हेचें एक वंशचित्र आढळतें: स्त्री ओ गटाची भासते, पण तिच्या मातापित्यांपैकीं एक एबी असून तिच्या दोन अपत्यांत तिचाच बी उतरलेला असतो. ज्या घरांत हें ज्ञान पोंचलेलें नाहीं तेथें निष्पाप स्त्रीवर किती घोर आळ येऊं शकेल याचा विचार करावा. शिवाय तपासणींतील वा लेखनांतील चूक, तसेंच ए व बी यांचे क्षीण उपप्रकार, हींहि विसंगतीचीं कारणें असूं शकतात. रक्तगट न जुळल्यास पहिलें कर्तव्य फेरतपासणीचें, संशयाचें नव्हे.

दुसरा विचार सोयरिकीचा. भारतांत बॉम्बे गटाचे लोक सुमारें दहा हजारांत एक असे मानले जातात. युरोपांत तेच प्रमाण दहा लाखांत एक. दहा हजारांत एकाचें वर्गमूळ काढलें तर जनुकाच्या शंभर प्रतींत एक मोडकी असा हिशेब येतो. प्रत्येकापाशीं दोन प्रती असल्यामुळें सुमारें पन्नासांत एक मनुष्य ती मोडकी प्रत नकळत वाहत असतो. आतां मामेबहीण व आतेभाऊ यांचा विवाह घ्या. दोघांचे आजीआजोबा एकच. त्या आजीआजोबांच्या चार प्रतींपैकीं एखादी प्रत दोन्ही वाटांनीं खालीं येऊन पणतवंडाच्या ठिकाणीं पुन्हा एकत्र होण्याचा संभव सोळांत एक आहे. ती प्रत मोडकी असण्याचा संभव शंभरांत एक. गुणाकार सोळाशेंत एक. त्यांत एरवींचा योगायोग मिळविला कीं सुमारें चौदाशेंत एक होतो. म्हणजे दहा हजारांत एक होतें तें सातपटीनें वाढलें.

याज्ञवल्क्यस्मृतींत आईकडून पांच व बापाकडून सात पिढ्या वर्ज्य सांगितल्या आहेत. बौधायनानें मात्र मामाच्या मुलीशीं विवाह हा दक्षिणेंतील आचार म्हणून नोंदला आहे. आपल्या कोल्हार-राहात्याकडेच काय, साऱ्या महाराष्ट्रांत अनेक ज्ञातींत ही सोयरीक आवडीची. गोत्र निराळें म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. गोत्र केवळ पितृपरंपरेनें चालतें. जनुक दोन्हीं बाजूंनीं येतात. बॉम्बे गट हा स्वतः रोग नव्हे, परंतु थॅलसेमियासारखा दारुण रोगहि याच गणितानें घरांत शिरतो. तेव्हां पत्रिकेबरोबर रक्ताचीहि तपासणी करून घेणें शहाणपणाचें.

तिसरी गोष्ट जिवाची. बॉम्बे गटाच्या मनुष्यास केवळ बॉम्बे गटाचेंच रक्त चालतें, व त्यांतहि आर्‌एच् जुळावें लागतें. अपघातांत किंवा बाळंतपणांत 'ओ' म्हणून साधें ओ रक्त चढविलें तर प्राणावर बेततें. रुग्णाचा रक्तरस दात्याच्या पेशींशीं ताडून पाहिल्यावांचून रक्त देऊं नये हा दंडक आहे तो याचसाठीं. कागदावरील ओ खरोखर ओ आहे कीं नाहीं हें पाहण्यास युलेक्स नांवाच्या झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. तो खऱ्या ओ पेशींचे गुठळे करतो व बॉम्बे पेशींस स्पर्शहि करीत नाहीं. हें झुडूप मेंडेलच्या वाटाण्याच्याच कुळांतलें, ही मोठी गमतीची गोष्ट.

एखाद्या घरीं असा मनुष्य निघाला तर प्रथम त्याच्या सख्ख्या भावाबहिणींची तपासणी करावी. आईबाप दोघेंहि मोडकी प्रत वाहणारे असल्यास प्रत्येक भावंडाच्या ठिकाणीं हा गट असण्याचा संभव चारांत एक. दहा हजारांत शोधावयाचा दाता घरींच सांपडूं शकतो. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वीं स्वतःचेंच रक्त काढून ठेवतां येतें. साध्या शीतपेटींत तें पांच-सहा आठवडे टिकतें. अतिशीत करून वर्षानुवर्षें राखतां येतें. मुंबईस 1957 सालीं रक्तगटांच्या अभ्यासाचें केंद्र स्थापन झालें. तेंच आज परळ येथें राष्ट्रीय संस्थेच्या रूपानें काम करीत आहे. आमच्या कोल्हारकरांस जवळच्या लोणीच्या रुग्णालयांत प्राथमिक तपासणी होऊं शकते. पुढचा तपास तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावा.

जैवतंत्रज्ञान हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडीं फार असतो. त्याची शक्ति व मर्यादा येथें एकदमच दिसतात. जंतूंपासून मिळविलेल्या विकरांनीं ए व बी पेशींवरील साखर काढून त्यांस ओ करतां येतें असें 2007 सालीं दाखविण्यांत आलें. पगडी उतरली, पण खुंटी राहिली. म्हणून बॉम्बे गटाच्या रुग्णास त्याचा उपयोग नाहीं. 2022 सालीं ब्रिटनमध्यें प्रयोगशाळेंत वाढविलेल्या तांबड्या पेशी स्वयंसेवकांस टोंचण्यांत आल्या. दुर्मीळ गटाच्या रुग्णांची सोय व्हावी हा त्या प्रयोगाचा एक हेतु आहे. तोंवर दुसऱ्या मनुष्याच्या दानावांचून गत्यंतर नाहीं.

जें दिसतें तेवढेंच असतें असें नाहीं, हें मेंडेलच्या हिरव्या दाण्यानें सांगितलें आणि मुंबईच्या रक्तानें सिद्ध केलें. तेव्हां घरांतील प्रत्येकाचा रक्तगट विश्वासू ठिकाणीं तपासून पत्रिकांच्याच डब्यांत ठेवावा, भावंडांनीं एकमेकांचा गट पाठ ठेवावा, आणि कागद जुळला नाहीं तर घरच्या लेकीसुनेवर संशय घेण्यापूर्वीं डॉक्टरास विचारावें.