मॉरिशसची साखर आणि मुकादमाची उचल

माझी भाची लग्नानंतर मॉरिशसला जाऊन आली. मी अकोल्याला ताईकडे गेले, तर तिने लगेच मोबाईल पुढे केला. निळंशार पाणी, पांढरी वाळू, जावईबापूंचा गॉगल आणि मधेच एक देव्हारा, त्यात आपला गणपती! ‘‘मावशी, तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आमचा टॅक्सीवाला तर मराठीच होता, पण चार वाक्यांपलीकडे मराठी येईना. बाकी सगळं क्रिओलमध्ये.’’

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, तरी मॉरिशस म्हटलं की डोडो पक्षीच आठवायचा. मग वाचनालयातून पुस्तकं आणली आणि मैत्रिणींनो, ती वाळू पुन्हा तशी दिसलीच नाही.

या बेटावर मूळचं माणूस असं नव्हतंच. डच आले, त्यांनी जावाहून ऊस आणला आणि सोडूनही गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम आणून मळे उभे केले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, 1835 मध्ये गुलामी बंद झाली. नुकसानभरपाई मिळाली ती कुणाला? मालकांना! ज्यांच्या पाठी सोलल्या होत्या त्यांना छदामही नाही.

मग ऊस कोण तोडणार? 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. ते छोटा नागपूरकडचे डोंगरी आदिवासी होते. पुढे मद्रास आणि मुंबई बंदरांतूनही माणसं गेली, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबं पुष्कळ. 1920 च्या सुमारापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे उतरली. ज्या घाटावर ती उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ 2006 पासून जागतिक वारसा आहे. त्याच्या सोळा पायऱ्यांचा फोटो भाचीनेही काढला होता, पण कशाच्या पायऱ्या ते तिला ठाऊक नव्हतं.

करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. आणि एक नियम होता, तो वाचून मी पुस्तक मिटूनच ठेवलं. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप असो की काही असो. करार संपलेल्यांनाही 1867 पासून स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. नाही सापडलं तर भटक्या म्हणून पोलीस धरून नेत. कारकुनाने बापाचं नाव लिहिलं की तेच पुढे आडनाव व्हायचं. गाव, कूळ, सगळं समुद्रात.

आमच्या बचत गटातल्या काही जणी दिवाळी झाली की घराला कुलूप लावून वीटभट्टीवर नाही तर ऊसतोडीला जातात. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असून पिकाला उपयोग नाही, तर माणूस थांबणार कशाच्या भरवशावर? गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. जरा कौतुकानंच सांगत होते, खरं सांगते. तर एक जण म्हणाली, ‘‘मंग यात नवं काय हाये ताई? मुकादम उचल देते, अंगठा घेते. एक दिस पोरगं आजारी पडलं अन् नाही गेलं, तं रोज तं जातेच, वरून दंडही कापते.’’

मी गप्पच झाले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, हे मला माहीत होतं. म्हणजे बाईचा वेगळा हिशोबच नाही. मॉरिशसच्या बाईच्या नावाचं निदान सरकारी वहीत पान तरी होतं! मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या आणि फोटो जपून ठेवलेत. नातवंडं-पणतवंडं तिथे जाऊन आपली माणसं शोधतात.

‘‘त्या बाया परत आल्या का व?’’ तिने विचारलं. काही आल्या, पुष्कळ राहिल्या, मी म्हटलं. राहिलेल्यांनी पै-पै जमवून जमिनीचे तुकडे घेतले, पोरं शिकवली. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. आज तिथल्या शाळांत मराठी शिकवतात आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात.

‘‘जमीन घेतली?’’ ती एवढंच म्हणाली. बाकी काही तिच्या डोक्यात राहिलं नसावं.

दिवाळीनंतर ती गेलीच. जाताना गटाचं पासबुक माझ्याकडे ठेवलं, महिन्याचे शंभर रुपये सासूकडून घ्या म्हणाली. दोन दिवसांनी मोबाईलवर एक फोटो आला. उचलीचा कागद होता, अंगठ्याच्या शेजारी तिने वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं. नवऱ्याच्या नावाखाली, पण वेगळ्या ओळीत.